टॉवेलांची शिडी

मित्रांनो, जिन्याच्या वळणावर, कचऱ्याच्या डब्यामागे भिंतीला टेकून एक पांढरी शिडी उभी आहे ना, ती मी. खालच्या मजल्यावरची बाई माझ्या दुसऱ्या पायरीवर फरशी पुसायचं फडकं वाळत घालते. वरच्या मजल्यावरचे काका बूट घालताना माझा आधार घ्यायला हात पुढे करतात आणि मी डुगडुगते म्हणून मलाच शिव्या देऊन हात मागे घेतात. मी जुनी आहे, आणि जुनेपणाचा एक फायदा असतो. आपल्यासमोर माणसं काहीही बोलतात. भिंतीला कान असतात असं ती एकमेकांना बजावतात, पण भिंतीला टेकलेल्या वस्तूचा विचार कुणी करत नाही. म्हणून एका घरातल्या तिघांबद्दल मला जेवढं ठाऊक आहे, तेवढं त्या तिघांनाही एकमेकांबद्दल कधी ठाऊक नव्हतं. तेच तुम्हाला सांगणार आहे. गोष्ट गोड नाही, हे आधीच सांगते.

माझा जन्म एका दुकानासाठी झाला. टॉवेल, चादरी, उशांचे अभ्रे आणि पायपुसणी यांचं ते दुकान. जागा अरुंद होती, पण छत उंच. मालकाने जमिनीपासून छतापर्यंत फळ्या मारून घेतल्या होत्या आणि सगळ्यात वरच्या फळीच्या कडेने एक लोखंडी पाइप दुकानभर फिरवला होता. सुताराला तो म्हणाला, "मला अशी शिडी पाहिजे, की चढणाऱ्यासाठी खाली कुणी धरून उभं राहायला नको. दुकानात आम्ही माणसंच दोन. एक शिडी धरायला गेलं तर गिऱ्हाईक कोण बघणार?" म्हणून माझ्या डोक्यावर दोन वाकडे लोखंडी हूक बसवले. ते त्या पाइपावर अडकवले की मला कुठेही सरकवता येत होतं, आणि कितीही वजन पडलं तरी मी जागची हलत नव्हते. पायात मला काळ्या रबराचे बूट होते. अशी मी दिसायला काही देखणी नव्हते, पण भरवशाची होते. लग्नाच्या मुलींबद्दल बोलतात तसं माझ्याबद्दल कुणी बोललं असतं तर एवढंच म्हणालं असतं की घर सांभाळेल.

दुकान खरं चालवत होती ती मालकीण. मालक गल्ल्यावर बसायचा आणि गोड बोलायचा. वर चढायची ती. पदर खोचायची, मला ढकलत पाहिजे त्या फळीपाशी न्यायची, हूक पाइपावर अडकवायची आणि मधली पायरी धरून मला दोनदा खाली ओढून बघायची. खट्, खट्. मी गच्च बसलेय एवढी तिची खात्री झाली की मग ती वर बघायचीसुद्धा नाही. बोलत बोलत चढायची, एका हाताने मला धरून दुसऱ्या हाताने बारा टॉवेलांच्या चळतीतला मधलाच एक असा ओढायची, की वरच्यांना पत्ता लागत नसे.

"वहिनी, जपून हो!" गिऱ्हाइकं खालून म्हणायची.

"अहो, नवऱ्यापेक्षा या शिडीचा भरवसा जास्त आहे मला!"

"बरोबरच आहे," मालक गल्ल्यावरून म्हणायचा. "ती उलट बोलत नाही ना!"

"उलट बोलत नाही, आणि दुपारी झोपतही नाही."

माणसं ओळखायला मी तिथे शिकले. जो टॉवेल गालाला लावून बघतो तो घेणार. जो नुसतंच 'अजून दाखवा' म्हणतो, तो बाहेर ऊन आहे म्हणून आत आलेला. नवराबायको आली आणि दोघांनी एकदम 'तुझ्या आवडीचा घे' म्हटलं, तर समजायचं, घरून भांडून आलेत. मालकीण हे सगळं वरून बघायची आणि खाली उतरेपर्यंत कुणाला काय दाखवायचं ते ठरवलेलं असायचं. टॉवेलाची घडी ती तीन पदरांची घालायची, गोल कड बाहेर. फळीकडे बघितलं की वाटायचं, ओळीने पाव मांडलेत.

मग मालक गेला. त्यानंतर मालकिणीचे गुडघे गेले. वर चढणारं कुणी नसेल तर उंच दुकान काय कामाचं? जागा दुसऱ्याला दिली. फळ्या गेल्या, पाइप गेला, गल्ल्याचं टेबल गेलं. सामान उचलणाऱ्याने माझ्यावर हात ठेवला तेव्हा मालकीण म्हणाली, "ती नाही." कारण तिने सांगितलं नाही, त्यानेही विचारलं नाही. मी तिच्याबरोबर तिच्या मुलाच्या घरी आले आणि गॅलरीत, कपडे धुवायच्या यंत्रामागे उभी राहिले. तिथे माझी बरीच वर्षं गेली. माझ्यावर ऊन पडलं, धूळ बसली, एकदा कबुतराने संसारही मांडून बघितला. मी कुणाच्या कामाची नव्हते. पण मालकीण सकाळी गॅलरीत आली की जाता जाता माझ्या पायरीवर हात टेकवायची, जुन्या ओळखीच्या माणसाच्या खांद्यावर टेकवावा तसा.

आता घराबद्दल सांगते. घर लहान होतं, आणि बाथरूम तर घराच्या मानानेही लहान. दार आत उघडायचं. एक माणूस आत असला आणि दुसऱ्याने दार ढकललं, तर आतल्याने कमोडवर बसून पाय वर घ्यायचे, अशी तिथली वहिवाट. तीन माणसांचे टॉवेल कुठे नव्हते? दारावर, नळावर, बादलीच्या काठावर. त्यातल्या त्यात एक जाड लोखंडी दांडा कमोड आणि बेसिनच्या मधल्या भिंतीत बसवलेला होता. मुलाने घर घेतलं तेव्हा मालक हयात होता, त्यानेच तो बसवला होता, चार बोटं खोल, दुकानातल्या पाइपासारखा. त्याला सगळे टॉवेलचा दांडा म्हणायचे.

तो टॉवेलचा दांडा नव्हता, हे मला गॅलरीतून कळलं होतं. बाथरूमची छोटी खिडकी गॅलरीत उघडते. रोज सकाळी मालकीण आत गेली की तो दांडा किर्र वाजायचा, एकदा ती बसताना, एकदा उठताना. आमच्या जातीला ती भाषा कळते. वजन पडलं की लाकूड आणि लोखंड बोलतं. घरच्यांना वाटायचं, नळाचा पाइप कुरकुरतोय.

आणि मालकीण त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हती. त्यालाही कारण होतं.

शेजारच्या इमारतीतले एक आजोबा पडले, त्यांच्यावरून एकदा घरात विषय निघाला. जेवणाचं टेबल गॅलरीच्या दारापाशीच होतं. मुलगा वाईट नव्हता. आईसाठी औषधं आणायचा, डॉक्टरकडे न्यायचा, मोठ्याने बोलायचा नाही. तो ताटात बघत म्हणाला, "आई, राग मानू नकोस. पण ज्या दिवशी तुला बाथरूममध्ये सोबत लागायला लागेल ना, त्या दिवशी आपल्याला दुसरा विचार करावा लागेल. आम्ही दोघं दिवसभर बाहेर. कोण बघणार?"

"बरोबर आहे," मालकीण म्हणाली.

'दुसरा विचार' म्हणजे काय, ते तिला माहीत होतं. शहराबाहेर म्हाताऱ्या माणसांसाठी एक निवास होता. तिची एक जुनी मैत्रीण तिथे राहत होती. मालकीण तिला भेटून आली, त्या संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून सुनेला सांगत होती, "चांगलं आहे गं सगळं. स्वच्छ आहे, वेळेवर जेवण आहे. मी तिला विचारलं, कशी आहेस? तर तिने आधी तिथल्या बाईच्या तोंडाकडे बघितलं, आणि मग म्हणाली, बरी आहे." तिने खुर्ची जरा माझ्याकडे सरकवली. पुढे म्हणाली, "दुकानात माझ्याशी पायपुसण्यावरून भांडायची ती."

तेव्हापासून मालकिणीची सकाळ म्हणजे रोजची परीक्षा झाली. स्वतः आत जायची, आतून कडी लावायची, अंघोळ करून केस विंचरून बाहेर यायची आणि सगळ्या घराला ऐकू जाईल असं म्हणायची, "झाली बाई माझी अंघोळ!" त्या वाक्यावर तिचं या घरात राहणं टिकून होतं. आणि त्या वाक्याच्या मागे तो किर्र वाजणारा दांडा होता.

सून दातांच्या दवाखान्यात काम करत होती. दिवसभर सुजलेले गाल बघायचे, नावं लिहायची, रडणाऱ्या पोरांना समजवायचं. रोगी नसले की तिथली मासिकं चाळायची. त्यातल्या एका मासिकात तिने लहान बाथरूमचं चित्र पाहिलं. भिंतीला टेकलेली लाकडी शिडी, पायऱ्यांवर गुंडाळलेले पांढरे टॉवेल, वर हिरवा वेल. मासिकाचं पान तिने घडी घालून घरी आणलं.

"अहो, हे बघा. जागा अजिबात लागत नाही. नुसती भिंतीला टेकवायची."

"आणि टॉवेल?"

"पायऱ्यांवर."

"आणि माणसं?"

"माणसं दाराबाहेर रांगेत. आत्ता उभी राहतात तशीच."

नवरा हसला. हसला म्हणजे होकार दिला, असं बायका धरून चालतात आणि सहसा ते खरंच असतं. दुसऱ्या दिवशी सुनेची नजर गॅलरीत माझ्यावर पडली. "अय्या, आई! आपल्याकडे तर शिडी आहेच की!"

मालकिणीचा चेहरा उजळला. "आहे की! घे ना. चांगली आहे ती."

मला सुताराच्या दुकानात नेलं. त्याने सुनेला विचारलं, "हूक ठेवायचे का?" ती म्हणाली, "नको, टाइलवर ओरखडे पडतील. दिसतंही वाईट." त्याने करवत लावली. रबराचे बूटही गेले, काळे होते म्हणून. मग पांढरा रंग. जे सांगितलं ते काम त्याने चोख केलं. शिडी बाथरूममध्ये कशाला हवी, हे विचारायचं त्याला कारण नव्हतं.

मी परत आले त्याच दिवशी दांडा काढला. दोन टॉवेलांना गंजाचे डाग पडले होते, आणि मासिकातल्या चित्रात त्या जागी शिडी होती. मुलगा पाना घेऊन नट सोडवत होता. मालकीण दारात उभी होती.

"राहू दे की तो दांडा," ती म्हणाली.

"का हो, आई?" सुनेने विचारलं.

दोघांनी मागे वळून बघितलं. मित्रांनो, तिने तेव्हा एक वाक्य बोलायला हवं होतं. ते तिच्या ओठांपर्यंत आलेलं मला दिसलं. पण ते वाक्य बोलली असती तर 'दुसरा विचार' सुरू झाला असता, हेही तिला दिसत होतं.

"नाही, चांगला आहे म्हणून. ह्यांनी बसवला होता."

"मग फेकत नाही, आई. आठवण म्हणून माळ्यावर ठेवू," मुलगा म्हणाला. आईच्या मनाला जपल्याचं समाधान त्याच्या चेहऱ्यावर होतं.

भिंतीतली भोकं पांढऱ्या सिमेंटने बुजली आणि त्या जागी मी टेकले. माझ्या डोक्याशी सुनेने प्लॅस्टिकचा हिरवा वेल गुंडाळला. करवतीने कापलेली टोकं त्याच्यामागे झाकली गेली. माझ्या डोक्याच्या अगदी वरून गरम पाण्याचा पाइप आडवा गेला होता.

संध्याकाळी मालकीण एकटीच आत आली. कडी लावली. माझ्याकडे बघितलं. "अगं, तू होय!" ती हळूच म्हणाली. तिने वर बघितलं. चष्मा बाहेर होता. तिला हिरवं काहीतरी दिसलं आणि त्याच्यावर आडवा पाइप दिसला. पाइप आहे म्हणजे हूक त्याच्यावर अडकवलेत, हे तिने गृहीत धरलं. तिच्यासाठी मी दुसऱ्या कुठल्या प्रकारे उभी राहूच शकत नव्हते. माझी मधली पायरी धरून तिने मला दोनदा खाली ओढलं. खाली ओढलं तर कुठलीही शिडी घट्टच लागते. जमीन असतेच ना खाली. तिची खात्री पटली. दुकानातल्यासारखी.

माझं कौतुक मात्र तेव्हा सुरू झालं. आयुष्यभर मी माणसांना वर पोचवलं तेव्हा कुणी माझा फोटो काढला नव्हता. आता सुनेची मोठी बहीण आली आणि बाथरूमच्या दारातच ओरडली, "अगं बाई! हे तर हॉटेलसारखं केलंस!" दवाखान्यातल्या मैत्रिणी चहाला आल्या, एकेक जण आत डोकावून गेली. वरच्या पायऱ्यांवर शुभ्र टॉवेलांच्या गुंडाळ्या होत्या.

मालकीण दारातून म्हणाली, "टॉवेल आहेत का नकाशे, गुंडाळून ठेवायला?"

"आई, हल्ली असेच ठेवतात. आणि हे वरचे पांढरे वापरायचे नाहीत हं."

"पाहुण्यांसाठी आहेत?"

"पाहुण्यांनीही नाही वापरायचे. ते दिसायला आहेत."

"मग पाहुण्यांनी पुसायचं कशाला?"

"दारामागे आहेत ना रोजचे!"

"अस्सं. म्हणजे यांची नेमणूक नुसती खुर्चीवर बसायला झालीये."

सून खळखळून हसली. तुम्ही तिला वाईट समजू नका. ती सकाळी दात घासून झाल्यावरही क्षणभर तिथेच उभी राहायची आणि त्या पांढऱ्या गुंडाळ्यांकडे बघायची. सगळ्या घरात तिच्या मनासारखी झालेली तेवढी एकच भिंत होती. दोष द्यायला मी बसलेली नाही. मी फक्त कुणाच्या बाजूला काय पडतं ते बघते आहे.

मी हलते, हे सुनेच्या लक्षात आलं होतं. "अहो, हिला मागून दोन स्क्रू मारा ना," ती म्हणाली.

"रविवारी मारतो."

रविवारी तो ड्रिल घेऊन आला, टाइलकडे बघितलं आणि म्हणाला, "तडकली तर? अख्खी भिंत परत करावी लागेल." सुनेलाही स्क्रूची डोकी दिसतील याची धास्ती होती. "जाऊ दे मग. हिला कोण धक्का मारतंय?" ती म्हणाली. ड्रिल पेटीत गेलं.

पुढे काही आठवडे सगळं सुरळीत चाललं. मालकीण उठताना माझा आधार घ्यायची, पण ओढ खालच्या दिशेने असायची आणि फरशी कोरडी असायची. मी जिवाच्या आकांताने उभी राहायचे. शिडीला दुसरं काय करता येतं?

एके सकाळी फरशीवर साबणाचं पाणी होतं. तिने मला धरलं आणि माझे पाय बोटभर सरकले. ती बेसिनवर आदळली, पण सावरली. पांढऱ्या गुंडाळ्या खाली पाण्यात पडल्या. आवाजाने सून धावत आली. मालकिणीने कडी काढली तेव्हा ती केसांवरून हात फिरवत उभी होती.

"काय झालं, आई?"

"काही नाही गं. टॉवेल घेत होते, हात लागला. पडले सगळे."

सुनेने ओले टॉवेल उचलले. तिच्या कपाळावर आठी होती, पण ती निघून गेली नाही. तिने माझ्याकडे बघितलं, मग सासूकडे. "आई, खरं सांगा. तुम्ही शिडीला धरून उठता का?"

"छे! मला कशाला लागतंय धरायला?"

"धरत असाल तर सांगा. मी काहीतरी करते."

"अगं, या शिडीवर मी अर्धं आयुष्य काढलंय. तू मला शिडी शिकवतेस होय?"

ती हे अशा थाटात म्हणाली की सून ओशाळली. विषय संपला. त्या दिवसापासून सासूचे रोजचे टॉवेल सगळ्यात खालच्या पायरीवर ठेवायचे, म्हणजे हात लांब करावा लागणार नाही, असा उपाय सुनेने काढला. मनापासून काढला. मी मात्र तशीच मोकळी टेकलेली राहिले.

मग तो दिवस आला. सून दवाखान्यात गेली होती. मुलगा बुटाच्या नाड्या बांधत होता. त्याला उशीर झाला होता. मालकीण आत होती, अंघोळ झाली होती, फरशी ओली होती. ती कमोडवर बसून अंग पुसत होती. उठताना तिने सवयीने मला दोनदा ओढलं आणि मग सगळं वजन माझ्यावर टाकलं. या वेळी ओढ बाजूला गेली. ज्यांनी धरायचं ते हूक नव्हते, ज्यांनी रुतायचं ते बूट नव्हते. मी गेले. ती गेली. तिची कंबर बादलीच्या काठावर आपटली आणि मी तिच्या अंगावर आडवी पडले. मला काचेसारखं काहीतरी मोडल्याचं जाणवलं. ती काच नव्हती.

"आई? काय झालं गं?" मुलगा दाराबाहेर आला.

तिचे ओठ पांढरे पडले होते. तिने डोळे मिटले. आणि मग ती ज्या आवाजात गिऱ्हाइकाला 'आत्ता आणते हं' म्हणायची, अगदी त्या आवाजात म्हणाली, "काही नाही रे. टॉवेल पडले."

"नक्की ना?"

"हो रे बाबा. तू निघ, उशीर होईल तुला."

तो उभा राहिला. मला दाराखालच्या फटीतून त्याचे बूट दिसत होते. ते बूट दाराकडे वळले, मग थोडे मागे झाले, मग परत दाराकडे. टॉवेल पडल्याचं त्याने आधी ऐकलं होतं. तेव्हाही काही झालं नव्हतं. "बरं, येतो मी," तो म्हणाला. बाहेरचं दार लागलं.

मित्रांनो, ती मदत मागू शकली असती. दार तोडायला त्याला कितीसा वेळ लागला असता? पण तिला वाटलं असेल, जरा पडून राहिलं की उठता येईल. उठता आलं की केस विंचरता येतील, आणि बाहेर जाऊन ते एक वाक्य म्हणता येईल. तिने दोनतीनदा प्रयत्न केला. मग केला नाही.

ती दिवसभर तिथे होती. अंग उघडं होतं, फरशी गार होती. हाताला लागले ते पांढरे टॉवेल तिने एकेक करून ओढले, एक डोक्याखाली घेतला, बाकीचे अंगावर पांघरले. फक्त दिसण्यासाठी ठेवलेल्या त्या टॉवेलांना शेवटी काम लागलं. गॅलरीत कपड्यांचं यंत्र मुकाट उभं होतं. खालून कुणीतरी कुणाला हाका मारत होतं. तिने खिडकीच्या दिशेने "अहो" म्हणून बघितलं, पण तो आवाज खिडकीपर्यंत गेला नाही.

माझं डोकं तिच्या तोंडाशी आलं होतं. प्लॅस्टिकचा वेल सुटून बाजूला पडला होता. दुपारी कधीतरी तिने हात उचलला आणि माझं टोक चाचपलं. जिथे हूक असायला हवा होता तिथे तिचं बोट थांबलं. तिने दुसरं टोक चाचपलं. कापलेल्या लोखंडाची जागा रंगाखाली गुळगुळीत लागत होती.

"अगं," ती म्हणाली, "तुझे हात कुणी तोडले?"

मालक म्हणायचा तसं, मी कधी उलट बोललेच नाही. ती बराच वेळ बोट तिथेच फिरवत राहिली. मग म्हणाली, "मला वाटलं, तू धरलंयस."

संध्याकाळी सून आली. तिने हाका मारल्या, दार ढकललं, ते उघडेना. आतून मालकीण एवढंच म्हणाली, "पाणी दे गं." शेजारी आले, दार बिजागऱ्यांपासून काढलं. सून तिच्याजवळ गुडघ्यांवर बसली तेव्हा मालकीण पहिलं काय बोलली असेल? म्हणाली, "तुझे चांगले टॉवेल घेतले गं मी." सुनेने तोंडावर हात दाबला.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ते जुळायची वाट बघता बघता इस्पितळात तिची छाती कफाने भरली. ती घरी आली नाही. निवासातही गेली नाही.

नंतर भेटायला माणसं आली. प्रत्येकाने एकदा बाथरूममध्ये डोकावून बघितलं आणि प्रत्येकाने कारण शोधून काढलं. कुणी टाइल गुळगुळीत म्हणालं, कुणी साबण, कुणी वय. सुनेची मोठी बहीण म्हणाली, "एक बरं झालं, शेवटपर्यंत स्वतःच्या पायांवर होत्या." माणसांचं मला नवल वाटतं. एवढ्या मोठ्या तोट्यातूनही ती काहीतरी जमेला धरतातच. मुलगा सगळ्यांना सांगत होता, "मी त्या दिवशी लवकर निघालो होतो. घरी असतो तर..." ऐकणारे त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. भिंतीला परत टेकवलेली मी ते ऐकत होते.

पाहुणे संपल्यावर सून बाथरूम घासायला बसली. तो दारात येऊन उभा राहिला. ती मान वर न करता म्हणाली, "तुम्ही निघालात तेव्हा आई कुठे होत्या?"

"आत."

"आवाज नाही आला काही?"

ब्रशचा आवाज थांबला.

"आला होता," तो म्हणाला. "टॉवेल पडले म्हणाली. मी विचारलं होतं, नक्की ना? हो म्हणाली."

"मीही विचारलं होतं," सून म्हणाली. "धरून उठता का? छे म्हणाल्या."

दोघांनी विचारलं होतं, दोघांना उत्तरही मिळालं होतं. त्या घरात कुणाचंच काही चुकलेलं नव्हतं, आणि घरातलं माणूस मात्र गेलं होतं. मग सून उठली, तिने मला उचललं आणि कुणाची मदत न घेता जिन्याच्या या वळणावर आणून ठेवलं. हात काढताना ती जरा थांबली. मग ती वर निघून गेली.

आता कचरा नेणारी गाडी मला कधीतरी घेऊन जाईल. जळणाला मी बरी आहे, लाकूड चांगलं आहे. त्याचं मला दुःख नाही. वस्तूचा शेवट असाच असतो. माझं मागणं तुमच्याकडे आहे. घर हवं तसं सजवा, टॉवेल गुंडाळा नाहीतर घडी घाला, तो तुमचा प्रश्न आहे. पण भिंतीवरून काहीही काढण्याआधी, घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा हात दिवसभर कुठे कुठे जातो ते गुपचूप बघा. तोंडाला विचारू नका. तोंडाला अभिमान राखायची सवय असते. हात खोटं बोलत नाही. आणि तुमच्याकडून त्यांना एक गोष्ट कळू द्या, की आधार मागितला तर घर जाणार नाही.

कधी बंद दारापलीकडे काही पडलं आणि आतून कुणी म्हणालं, "काही नाही, तू जा," तर जाऊ नका. बूट घातलेले असले तरी उभे राहा, आणि म्हणा, "दार उघड, मग जातो."